सीजीनॅटमागे असलेल्या घरच्या कॅमेरा सर्व्हरपर्यंत बाहेरून कसे पोहोचावे?

प्रश्न — कुळागर_सत्तरी

नमस्कार. सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, आमचे वडिलार्जित घर आणि त्याला लागून कुळागर, म्हणजे माड-सुपारीची बाग, आहे. घरी आई-बाबा दोघेच असतात. मी नोकरीनिमित्त पणजीत राहतो आणि धाकटा भाऊ बोटीवर असतो. अंगणात वाळत घातलेली सुपारी आणि रात्री कुळागरात शिरणारे गवे या दोहोंवर लक्ष राहावे म्हणून घराभोवती चार पीओई कॅमेरे (जोडणी आणि वीज एकाच केबलमधून मिळणारे) बसवले आहेत. चित्रण साठवण्यासाठी एक जुना डेस्कटॉप वापरात आणला असून त्यावर उबुंटू आहे आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) फ्रिगेट हा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा प्रोग्राम चालतो. हार्ड डिस्क दोन टेराबाइटची आहे. घरच्या वाय-फायवर असताना फोनवर सगळे स्पष्ट आणि विनाविलंब दिसते.

अडचण आहे ती बाहेरून पाहण्याची. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणे) करून ५००० आणि ५५४ ही दोन पोर्ट सर्व्हरकडे वळवली आहेत, डायनॅमिक डीएनएसचे (बदलत्या पत्त्याला कायम नाव देणाऱ्या सेवेचे) मोफत नावही घेतले आहे. परंतु पणजीहून ते नाव उघडायला गेले की बराच वेळ चक्र फिरत राहते आणि शेवटी टाइमआउट होतो. इंटरनेट स्थानिक केबलचालकाचे फायबर आहे. त्यांच्या तंत्रज्ञाचे म्हणणे असे की स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घेतल्यावाचून कॅमेरे बाहेर दिसणारच नाहीत. मात्र तो घरगुती जोडणीवर मिळतो की त्यासाठी व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते, या प्रश्नाला विचारावे तेव्हा निराळे उत्तर मिळते.

एक गोष्ट लक्षात आली आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) म्हणून १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तर आपला आयपी सांगणाऱ्या संकेतस्थळावर पूर्णपणे वेगळा पत्ता येतो. दोष माझ्या फॉरवर्डिंगमध्ये आहे की जोडणीतच आहे? स्टॅटिक आयपीसाठी पैसे भरणे खरोखरच अपरिहार्य आहे का? आणि जो काही उपाय असेल तो आई-बाबांना काहीही नव्याने शिकावे न लागता करता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ — मांडवीकाठ

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आले आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते हे इंटरनेटवरचे सार्वजनिक पत्ते नव्हेत. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या जाळ्याच्या आत वापरावेत म्हणून सुमारे ४२ लाख पत्त्यांचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. आशिया-पॅसिफिक विभागातला आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०११ मध्येच, जवळजवळ संपला होता. त्यानंतर व्यवसायात आलेल्या किंवा वाढलेल्या लहान केबलचालकांकडे ग्राहक पुष्कळ आणि पत्ते मोजके अशी स्थिती आहे. म्हणून ते अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. यालाच सीजीनॅट म्हणतात.

याचा अर्थ असा, की तुमच्या राउटरमधले फॉरवर्डिंग कितीही अचूक असले तरी बाहेरून आलेली विनंती त्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. ती केबलचालकाच्या यंत्रणेपाशी येते आणि ती नेमकी कोणत्या घरासाठी आहे याची कोणतीही नोंद तिथे नसल्यामुळे तिथेच टाकून दिली जाते. डायनॅमिक डीएनएसचे नावही तुमच्या घराकडे नव्हे तर त्या सामायिक पत्त्याकडे बोट दाखवते. (वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू झाला असता तर प्रकरण वेगळे असते. तेव्हा बहुधा फायबरचा ओएनटी, म्हणजे फायबर घरात जिथे संपते ती पेटी, आणि तुमचा राउटर असे दोघेही राउटरचे काम करत असतात, आणि ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे नुसता पुढे पाठवण्याच्या कामावर, टाकला की निम्मा प्रश्न सुटतो.)

खरे सांगायचे तर सीजीनॅटने तुम्हाला एका संकटातून वाचवले आहे. फ्रिगेटचे ५००० हे पोर्ट घरातल्या घरात, इतर प्रोग्रामांशी बोलण्यासाठी ठेवलेले असून त्यावर लॉगिनच नसते. ते इंटरनेटवर उघडे पडले असते तर पत्ता सापडलेल्या कोणालाही तुमचे अंगण दिसले असते, आणि सेटिंग बदलण्याची मुभाही मिळाली असती. लॉगिन असलेले पोर्ट ८९७१ आहे, तेवढेच वापरावे. ५५४ वर कॅमेऱ्याचा थेट प्रवाह असतो, त्याला तर बाहेर काढण्याचे काही कारणच नाही. कॅमेरे आणि डीव्हीआर उघड्यावर ठेवले की काय होते ते २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) दाखवून दिले आहे. कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून त्याने लाखो उपकरणे ताब्यात घेतली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर त्यांचा मारा झाला तेव्हा अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. पासवर्ड भक्कम असला म्हणजे निभावते असेही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हाइकव्हिजनच्या अनेक मॉडेलांमधली जी त्रुटी जाहीर झाली, तिच्यात पासवर्डची गरजच पडत नव्हती.

तेव्हा उपाय असा असावा की ज्यात बाहेरून कोणी आत येत नाही, तर घरचा सर्व्हर स्वतःहून बाहेर जोडणी करतो. बाहेर जाणाऱ्या जोडणीला सीजीनॅटची आडकाठी नसते. यासाठी घरगुती वापरात सर्वांत सुटसुटीत मला टेलस्केल वाटते. ते वायरगार्ड या व्हीपीएन (उपकरणांमध्ये खासगी जोडणी करण्याच्या) पद्धतीवर चालते आणि त्याची वैयक्तिक वापराची मोफत योजना तुमच्या गरजेला पुरते. उबुंटूवर ते थेट बसवा, डॉकरमध्ये घालण्याच्या फंदात पडू नका. तुमच्या फोनवर त्याचे ॲप घ्या. दोन्ही ठिकाणी एकाच खात्याने प्रवेश करा. सर्व्हरला टेलस्केलकडून एक कायमचा पत्ता मिळेल; त्यापुढे ८९७१ लावून एचटीटीपीएसने उघडले की फ्रिगेटचे लॉगिन पान आले पाहिजे. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देईल, कारण ते प्रमाणपत्र फ्रिगेटने स्वतःच तयार केलेले असते. ॲडमिनचा पहिला पासवर्ड कंटेनर प्रथम सुरू होतानाच्या लॉगमध्ये छापलेला असतो.

इथे एक गोंधळ ठरलेला आहे, म्हणून आधीच सांगतो. टेलस्केल आपल्या उपकरणांना जे पत्ते देते तेही १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातले असतात. त्यामुळे सर्व्हरवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला की तो केबलचालकाने दिलेला समजू नका. राउटरच्या स्टेटस पानावरचा वेगळा, सर्व्हरवरचा वेगळा.

हे चालू झाले की राउटरमधले दोन्ही फॉरवर्डिंग नियम काढून टाका आणि यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. आज ते नियम निरुपद्रवी आहेत, पण उद्या केबलचालकाने सार्वजनिक आयपी दिला तर कोणालाही न कळता ते जागे होतील. स्टॅटिक आयपीचे पैसे वाचवावेत, हे वेगळे सांगायला नको. आई-बाबा घरच्या वाय-फायवर आजच्यासारखेच पाहू शकतात. फक्त त्यांच्या फोनवरचा जुना दुवा बदलून ८९७१ चा ठेवा आणि एकदा लॉगिन करून द्या. फ्रिगेटच्या नव्या आवृत्त्यांमध्ये केवळ पाहण्यापुरता वापरकर्ता तयार करता येतो, तो त्यांच्यासाठी योग्य.

उत्तर २ — सुटसुटीत

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, तरीही घरी दोन वयस्कर माणसे आणि बोटीवर एक भाऊ, अशा कुटुंबाला व्हीपीएन, डॉकर आणि लॉग यांत गुंतवणे मला अनावश्यक वाटते. बहुतेक कॅमेरा कंपन्यांचे स्वतःचे ॲप असते. कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की सीजीनॅट असो वा नसो, चित्र दिसू लागते. माझ्याकडे म्हापशात हीच व्यवस्था आहे. सर्व्हर चित्रण साठवत राहील आणि बाहेरून पाहण्यापुरते कंपनीचे ॲप वापरावे, असे दोन्हींचे काम वेगळे ठेवता येते.

उत्तर ३ — दूधसागर

क्यूआर कोडची सोय नाकारण्याचे कारण नाही. ती चालते आणि पुष्कळांना पुरते. पण तिची किंमत काय ते माहीत असावे. ती सोय पीटूपी नावाच्या सेवेवर चालते. कॅमेरा कंपनीच्या किंवा तिने भाड्याने घेतलेल्या तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरशी सतत संपर्क ठेवून असतो, आणि कॅमेऱ्याची ओळख म्हणजे त्याच्यावर छापलेला तो क्रमांक. एप्रिल २०१९ मध्ये आयलिंकपीटूपी या घटकातल्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा हे क्रमांक अंदाजाने काढता येतात असे दिसले, आणि निरनिराळ्या नावांनी विकली गेलेली वीस लाखांहून अधिक उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. कॅमेऱ्यावर कंपनीचे नाव काय आहे यावरून आत कोणाची पीटूपी आहे हे ग्राहकाला कळत नाही, हीच त्यातली मेख. शिवाय त्या ॲपमधून सर्व्हरवरचे जुने चित्रण आणि फ्रिगेटने टिपलेले प्रसंग दिसत नाहीत. गवा पहाटे कधीतरी येऊन गेला असेल तर सकाळी थेट चित्र पाहून काय उपयोग?

माझ्या मते तर उलट करावे: कॅमेऱ्यांना इंटरनेटच मिळू देऊ नये. सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड लावून पीओई स्विच त्यालाच जोडला, की कॅमेरे केवळ सर्व्हरशी बोलतात. एवढे केले की कॅमेऱ्यांची घड्याळे हळूहळू भरकटू लागतात, कारण त्यांना वेळ इंटरनेटवरून मिळत होती. तेव्हा सर्व्हरवर क्रोनी हा वेळ पुरवणारा प्रोग्राम चालवून कॅमेऱ्यांच्या एनटीपी (वेळ जुळवण्याच्या) सेटिंगमध्ये सर्व्हरचाच पत्ता द्यावा. चित्रावर उमटणारी वेळ चुकीची असेल तर पोलिसांकडे तक्रार करताना ते चित्रण दाखवणे अवघड होते.

टेलस्केलबद्दल माझा आक्षेप नाही, पण ज्यांना खात्याचा ताबा दुसऱ्या कंपनीकडे नको असेल त्यांनी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला लहानसा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावर स्वतःचे वायरगार्ड चालवावे. व्हीपीएसला सार्वजनिक पत्ता असतो. घरचा सर्व्हर आणि फोन हे दोघेही त्याच्याकडे जोडणी करतात, आणि व्हीपीएसवर केवळ ५१८२० हे यूडीपी पोर्ट उघडे ठेवावे लागते. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंदांवर ठेवायला विसरू नका. सीजीनॅटची यंत्रणा काही काळ शांत असलेल्या जोडणीची नोंद पुसून टाकते, आणि मग सर्व्हर चालू असूनही बाहेरून मृतवत दिसतो. प्रत्येक फोनला स्वतंत्र की द्यावी, म्हणजे एखादा फोन हरवला तर तेवढीच की रद्द करता येते. सगळे चित्रण व्हीपीएसमधून जात असल्याने त्याच्या मासिक डेटा मर्यादेकडे मात्र लक्ष ठेवावे लागेल.

कुळागर_सत्तरी

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मांडवीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे टेलस्केल बसवले आणि मोबाइल डेटावरून फ्रिगेटचे पान उघडले. फॉरवर्डिंगचे नियम काढले, यूपीएनपीही बंद केले. केबलचालकाला स्टॅटिक आयपी नको असल्याचे कळवून टाकले आहे.

आता तीन शंका उरल्या आहेत. पहिली, पणजीच्या फ्लॅटमधून एखाद्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंग पानावर जाता यावे म्हणून सर्व्हर सबनेट राउटर (घरच्या इतर उपकरणांपर्यंत वाट करून देणारा) म्हणून चालू केला, टेलस्केलच्या ॲडमिन पानावर तो मार्ग मंजूरही केला. मोबाइल डेटावर कॅमेऱ्याचे पान उघडते, पण फ्लॅटच्या वाय-फायवर त्याच पत्त्यावर भलतेच पान येते. दोन्ही ठिकाणचे राउटर १९२.१६८.१ याच मालिकेत आहेत. दुसरी, बोटीवरच्या भावाला चित्र अडखळत दिसते. आणि तिसरी, जी सर्वांत त्रासदायक आहे: वीज गेली आणि परत आली की सर्व्हर आपोआप सुरू होत नाही, बाबांना खाली वाकून बटण दाबावे लागते. पावसात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सत्तरीतल्या माणसाला सांगायला नको.

उत्तर ४ — मांडवीकाठ

पहिल्या शंकेचे उत्तर तुम्हीच दिले आहे. फ्लॅटमधल्या फोनला १९२.१६८.१ हे जाळे आपल्या शेजारीच दिसते, त्यामुळे तो ते वाळपईला शोधायला जात नाही आणि फ्लॅटमधलेच कोणतेतरी उपकरण उघडून दाखवतो. गावच्या घरची मालिका बदलून १९२.१६८.४७ सारखी, सहसा कोणी न वापरणारी ठेवा. कॅमेऱ्यांचे पत्ते हाताने दिलेले असतील तर राउटरला हात लावण्यापूर्वी ते एकेक करून बदला. क्रम उलटा झाला तर प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला संगणकाचा पत्ता तात्पुरता बदलावा लागेल. शेवटी फ्रिगेटच्या कॉन्फिगमधले पत्ते आणि टेलस्केलमध्ये जाहीर केलेला मार्गही नव्या मालिकेचा करा.

भावाच्या बाबतीत प्रश्न प्रवाहाच्या आकाराचा आहे. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा मेनस्ट्रीमवर (पूर्ण दर्जाच्या प्रवाहावर) साधारण चार एमबीपीएस पाठवतो, म्हणजे चौघांचे सोळा होतात. सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचा कमी दर्जाचा प्रवाह, अर्ध्या एमबीपीएसवर बसवता येतो, चौघे मिळून दोन. फ्रिगेटमध्ये ओळख आणि थेट दृश्य सबस्ट्रीमवर ठेवा, रेकॉर्डिंग तेवढे मेनस्ट्रीमचे. बोटीवरच्या सामायिक उपग्रह जोडणीवर तेही जड जाईल. त्याने थेट दृश्य न उघडता नोंदलेल्या प्रसंगांची स्थिर चित्रे पाहिलेली बरी. मेनस्ट्रीम एच.२६५ या चित्र आटवण्याच्या पद्धतीवर असेल तर तो एच.२६४ करून पाहा, कारण सर्वच ब्राउझरांना एच.२६५ चालवता येत नाही आणि मग दोष इंटरनेटचा आहे असे वाटत राहते. जाता जाता हिशेब करा: चार एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो, चार मिळून १७३. दोन टेराबाइटमध्ये अखंड चित्रण अकरा दिवसांच्या आसपास मावेल. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरले असताना काही हरवले आणि ते दसऱ्याला आठवले, तर काही हाती लागणार नाही. हालचालीचेच चित्रण जास्त दिवस ठेवण्याची सोय फ्रिगेटमध्ये आहे, ती वापरावी.

विजेसाठी बायोसमध्ये जा. वीज गेल्यावर पुढे काय करायचे याचे सेटिंग बहुतेक डेस्कटॉपांमध्ये असते. ते 'बंद राहा' वरून 'सुरू हो' वर न्या. कंटेनरची रीस्टार्ट पॉलिसी 'अनलेस स्टॉप्ड' ठेवा. आणि टेलस्केलच्या ॲडमिन पानावर या सर्व्हरची की एक्स्पायरी बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते, म्हणजे ऐन पावसाळ्यात कधीतरी सर्व्हर घरी धडधाकट असूनही तुमच्या यादीतून गळून पडेल आणि पुन्हा लॉगिन करायला वाळपई गाठावी लागेल. यूपीएस घेणार असाल तर केवळ संगणकाला नको. फायबरचा ओएनटी, राउटर आणि पीओई स्विच हे सगळे त्यावर हवेत. यांतले एक जरी बंद पडले तरी बाहेरून काही दिसत नाही.

उत्तर ५ — दूधसागर

दोन गोष्टींची भर घालतो. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून ५००० बंद केले आहे असे समजून निर्धास्त राहू नका. डॉकर प्रकाशित केलेल्या पोर्टांसाठी स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांमध्ये) घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून ती पोर्ट उघडी ठेवतो. डॉकरच्या कंपोज (मांडणीच्या) फाइलमधून ५००० ची ओळच काढा, किंवा ते केवळ १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच संगणकापुरते, बांधा.

दुसरी गोष्ट कुळागरातल्या कॅमेऱ्याबद्दल. तो घरापासून लांब, पंपाच्या खोलीवर असावा असे गृहीत धरतो. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हा एक भाग. पण आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये जो गडगडाट होतो, त्यात माडांमधून उघड्यावर नेलेली अशी केबल जवळ पडलेल्या विजेचा झटका सरळ स्विचपर्यंत आणि तिथून सर्व्हरपर्यंत आणू शकते. तेवढ्या एका कॅमेऱ्यासाठी फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे) लावावेत आणि कॅमेऱ्याला वीज पंपाच्या खोलीतूनच द्यावी. फायबर काचेचे असल्यामुळे झटका घरापर्यंत येत नाही. केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार असेल तर ती मात्र घराच्या बाहेरच कापून टाकायला सांगा.

कुळागर_सत्तरी

कॅमेरा पंपाच्या खोलीवरच आहे आणि केबल माडांना बांधूनच नेली आहे. फायबर पावसाआधी टाकून घेतो. बायोसचे सेटिंग या शनिवारी घरी गेल्यावर बदलतो. मेन स्विच बंद-चालू करून पाहिले की कळेलच. ५००० ची ओळ मात्र आत्ता टेलस्केलमधूनच काढली, आणि भावाचे चित्र सबस्ट्रीमवर नेल्यावर त्याला अंगणाचा कॅमेरा न अडखळता दिसतो असा त्याचा निरोप आहे.